४६ साइझचं नवं एबीसी ग्लो इंजिन: टॉपला आवळतंय, क्लिप काढली की बंद, फुल थ्रॉटलला १५ सेकंदांत गचकतंय

वारजे_रनवे

मॉडेल विमानाचं नवं ४६ (०.४६ घन इंच, ७.५ सीसी) टू-स्ट्रोक, एबीसी, दोन बॉल बेअरिंगवालं. ट्रेनरमध्ये (शिकाऊ विमानात) बसवण्याआधी लाकडी स्टँडवर रनिंग-इन, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसवणं, चालू आहे. प्रॉप (पंखा) ११ बाय ६ इंच, व्यास आणि पिच. इंधन ८० टक्के मेथॅनॉल, २० टक्के एरंडेल, नायट्रो (नायट्रोमिथेन) नाही. प्लग खोक्यात आला तोच. टाकी ३०० मिलीची, मफलरचं प्रेशर (धुराचा दाब नळीने टाकीत) जोडलेलं.

तक्रारी अशा. हाताने प्रॉप फिरवला तर पिस्टन वरच्या टोकाला इतका आवळतो की स्टार्टरसुद्धा तिथे अडतो. मेन सुई (इंधन कमी-जास्त करणारी) ३ फेरे उघडून चालू केलं तर घरघरत चालतं, पांढरा धूर भरपूर, पण ग्लो क्लिप (प्लगला बॅटरी देणारी) काढली की बंद. सुई आत घेतली तर क्लिप काढल्यावरही चालतं, पण फुल थ्रॉटलला १०-१५ सेकंद झाले की आवाज एकदम चढतो आणि इंजिन गचकतं.

मैदानावर एकाने सांगितलं, अर्ध्या थ्रॉटलवर खूप रिच (इंधन जास्त, हवा कमी) ठेवून तासभर घरघरवत ठेवा, आपोआप मोकळं होईल. करू का?

नीडल_व्हॉल्व्ह

नका करू. तो सल्ला रिंगवाल्या किंवा लोखंडी पिस्टनच्या इंजिनाचा आहे. एबीसीला तो मारक आहे.

एबीसी म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह आणि तिला आतून क्रोम. क्रोमऐवजी निकेल असेल तर एबीएन. रिंग नसते. स्लीव्हचा बोअर (आतलं भोक) वर निमुळता होत जातो, म्हणून थंड इंजिन टॉपला आवळतं. ते बिघाड नव्हे, मुद्दाम तसंच केलेलं असतं. चालू इंजिनात स्लीव्हचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त तापतो, जास्त फुगतो आणि बोअर सरळ होतो. पिस्टन आणि स्लीव्ह एकमेकांत बसायला हवेत ते या गरम अवस्थेत. तुम्ही खूप रिच, अर्ध्या थ्रॉटलवर चालवलंत तर सिलिंडर तापतच नाही. मग दर फेऱ्याला पिस्टन त्या अरुंद जागेत ठोकला जातो, आणि त्याचा मार कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांना बसतो. तासभरात इंजिन मोकळं होईलही, पण कॉम्प्रेशन गेल्यामुळे.

तेव्हा चालू करण्याआधी हेअर ड्रायर घ्या. हेड आणि सिलिंडरवर दोन-तीन मिनिटं गरम हवा मारा, हेडवर बोट ठेवून राहवत नाही इतपत. मगच स्टार्टर. थंडीत सकाळी तर हे न करता प्रॉपला हातच लावू नका.

स्टार्टर अडतो त्याचं आणखी एक कारण असू शकतं, ते आधी तपासा. प्लग काढा आणि प्रॉप हाताने फिरवा. तरीही टॉपलाच आवळत असेल तर ती बोअरची पकड, चिंता नको. प्लग काढल्यावर सहज फिरलं आणि भोकातून इंधन उडालं, तर आत इंधन साचलं होतं. त्या अवस्थेत स्टार्टर रेटलात तर द्रव दाबला जात नाही, रॉड वाकतो. प्लगचं भोक खाली करून इंधन गाळून टाका, चार-पाच फेरे फिरवा, मग प्लग लावा.

लोखंडी_पिस्टन

"लोखंडी पिस्टनचा सल्ला" असं नाक मुरडायचं कारण नाही. जिथे लागू आहे तिथे तो बरोबरच आहे. रिंग असेल, किंवा जुन्या १.५ सीसी देशी डिझेलसारखा लॅप केलेला (घासून बेतलेला) लोखंडी पिस्टन स्टीलच्या लायनरमध्ये असेल, तर तिथे घर्षणाने तापून चिकटण्याची भीती असते. म्हणून भरपूर तेल, रिच मिश्रण, एकेक मिनिटाच्या छोट्या धावा आणि मध्ये पूर्ण थंड होऊ देणं. रिंग बसायला वेळही जास्त लागतो. तासाभराच्या एकूण धावेनंतर इंजिन जरा माणसात येतं.

रिंग आहे की नाही हे प्लग काढून कळत नाही. मफलर काढा आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून बघा. पिस्टनच्या कडेला बारीक खाच आणि तीत कडं दिसलं तर रिंग. गुळगुळीत असेल तर एबीसीच्या कुळातलं. पुस्तिका हरवलेलं सेकंडहँड इंजिन घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

डिझेलवाल्यांसाठी: त्याचं इंधन वेगळं. ईथर, केरोसीन आणि एरंडेल साधारण समान भाग. ग्लो प्लग नाही, वरचा स्क्रू फिरवून कॉम्प्रेशन बदलायचं. ग्लोचं इंधन डिझेलमध्ये किंवा उलट, दोन्ही चालत नाही.

तपकीर_गल्ली

क्लिप काढली की बंद पडण्याबद्दल. ग्लो प्लगची तार प्लॅटिनमची असते. एकदा इंजिन चालू झालं की मेथॅनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेने आणि स्फोटाच्या उष्णतेने ती लाल राहते, बॅटरी लागत नाही. मिश्रण फार रिच असेल तर ओलं इंधन तारेवर पडून ती विझते. बॅटरी होती तोवर तग धरला, क्लिप निघाली की संपलं. तुमच्याकडे नायट्रो नाही, डोकं थंड, सुई ३ फेरे. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढतायत.

प्लग बाहेर काढून क्लिप लावून बघा. तार पूर्ण, एकसारखी भडक नारिंगी दिसली पाहिजे. नुसती मंद लाल असेल तर बॅटरी उतरलीय. अर्धीच तापत असेल तर तारेचे वेढे एकमेकांना चिकटलेत. तार चमकदार असावी. पांढुरकी, खरखरीत झाली असेल तर प्लग बदला, कितीही लाल होत असला तरी. बिननायट्रो इंधनाला मध्यम-गरम किंवा गरम प्लग घ्या, ओएसचा ८ नंबर त्यातलाच. तांब्याचा वॉशर विसरू नका, तिथून कॉम्प्रेशन गळतं.

बॅटरी १.२ ते १.५ व्होल्टच. एक जाड निकेल मेटल हायड्राइड सेल पुरतो. प्लग साधारण ३ अँपिअर खातो, त्यामुळे रिमोटमधला पेन्सिल सेल दोन मिनिटांत माना टाकतो. लिथियमचा ३.७ व्होल्टचा सेल थेट लावलात तर प्लग फ्लॅश बल्बसारखा एकदाच उजळेल.

नीडल_व्हॉल्व्ह

आता रनिंग-इन. प्रॉप आधी बदला, ११ बाय ६ काढून १० बाय ६ लावा. एबीसीला या वेळी ओझं कमी आणि फेरे जास्त हवेत.

हेअर ड्रायरने गरम. मेन सुई २.५ फेरे, थ्रॉटल पाव. कार्ब्युरेटरच्या तोंडावर बोट ठेवून प्रॉप दोनदा फिरवा, नळीतलं इंधन कार्बपर्यंत आलेलं दिसलं की थांबा. क्लिप, स्टार्टर. पकडलं की १० सेकंदांत थ्रॉटल पूर्ण उघडा, क्लिप काढा, आणि मागून हात घालून सुई हळूहळू आत घ्या.

आवाज ऐका. खूप रिच असताना इंजिन एक फेरा सोडून पेटतं, आवाज जाड आणि फुटका. याला फोर-सायकलिंग म्हणतात. सुई आत घेत गेलात की एका ठिकाणी आवाज पट्टी बदलतो, दुप्पट उंच आणि सलग होतो. हे टू-सायकलिंग, दर फेऱ्याला पेटणं. आपल्याला नेमका तो उंबरठा हवा, कधी इकडे कधी तिकडे. खात्री करायची असेल तर इंधनाची नळी दोन बोटांत अर्धा सेकंद दाबून सोडा. दाबल्यावर आवाज उंच झाला आणि सोडल्यावर पुन्हा जाड झाला, तर बरोबर जागी आहात.

तिथे दोन मिनिटं. मग थ्रॉटल बंद करून थांबवा आणि हाताला गार लागेपर्यंत थंड होऊ द्या. एबीसीला हे तापणं-निवणंच महत्त्वाचं आहे. नुसती मिनिटं मोजून उपयोग नाही. अशा पाच-सहा धावा झाल्या की धाव तीन-चार मिनिटांची करा आणि मधे १०-१५ सेकंद सुई आत घेऊन पूर्ण टू-सायकलवर न्या, परत मागे या. टू-सायकलवर फेरे हळूहळू खाली बसू लागले तर आत अजून घट्ट आहे, लगेच रिच करा. अर्धा मिनिट न ढळता टिकले की स्टँडवरचं काम संपलं. पुढचं हवेत, पहिल्या काही उड्डाणांत थोडं रिच ठेवून. एकूण अर्धा ते पाऊण लिटर इंधन जाईल.

एक्झॉस्टमधून सुरुवातीला राखाडी तेल येणं ठीक. त्यात धातूचा चमकणारा कीस दिसला तर थांबा आणि मागची प्लेट उघडून रॉड बघा.

वारजे_रनवे

प्लग काढून पाहिलं. टॉपलाच आवळतं, म्हणजे पकडच. प्लगची तार चमकदार, पण बॅटरीवर मंद लाल होती, नवीन सेल आणतो. एक्झॉस्टच्या खिडकीतून रिंग दिसत नाही.

१५ सेकंदांनी गचकण्याचं मात्र सुईने सुटेल असं वाटत नाही. सुई बाहेर घेतली तरी तेच होतं, फक्त १५ ऐवजी २० सेकंद.

सिंहगडरोड_सीएल

बरोबर ओळखलंत, तो दोष सुईचा नाही. काही सेकंद व्यवस्थित, मग आवाज चढून बंद, म्हणजे इंजिन लीन (इंधन कमी, हवा जास्त) होऊन मरतंय. इंधन पोचत नाही किंवा हवा शिरतेय. सुईला हात न लावता टाकीपासून पुढे या.

टाकी उघडा आणि आतली क्लंकची नळी बघा. क्लंक म्हणजे नळीच्या टोकाचं ते पितळी वजन. नळी पितळी पाइपवर जिथे चढते तिथे बारीक चीर पडते. टाकी भरलेली असते तोवर चीर इंधनात बुडालेली, सगळं छान. पातळी खाली गेली की हवा ओढते. मात्र तुमचं १५ सेकंदांतच होतंय, तेव्हा चीर पाइपच्या अगदी वरच्या टोकाला असेल, नाहीतर दोष टाकीबाहेर. नळी टाकीच्या मागच्या भिंतीला टेकत नाही ना, तेही बघा. उलटसुलट केल्यावर क्लंक खुळखुळला पाहिजे आणि भिंतीपासून ३-४ मिमी मोकळा हवा.

मग उंची. टाकीची मधली रेषा सुईच्या पातळीत किंवा सेंटिमीटरभर खाली. स्टँडवर लोक टाकी सरळ बाकावर ठेवतात, ती ५-६ सेंमी खाली जाते आणि इंजिनाला सगळं ओढून घ्यावं लागतं.

मफलरची प्रेशर नळी काढून तिच्यात फुंका. मफलरच्या निपलमध्ये (नळी चढते त्या तोटीत) एरंडेलाचं किटण बसतं, शिवणाच्या सुईने साफ होतं. प्रेशर नसेल तर सुरुवातीला चालतं आणि मग टाकीत निर्वात झाल्यासारखं होऊन इंधन तुटतं. तुमच्या लक्षणाशी हे सगळ्यात जास्त जुळतं.

फिल्टर असेल तर काढून थेट नळी जोडून बघा. फिल्टरचे सांधे हवा घेतात. सिलिकॉनची नळी सोडून पेट्रोलची नळी लावली असेल तर ती फेका, मेथॅनॉलने कडक होऊन सुटते.

आणि स्टँड! लाकडात पिळायच्या स्क्रूने आवळलेलं इंजिन थरथरतं, टाकी थरथरते, इंधनाचा फेस होतो आणि कार्बमध्ये फेस जातो. इंजिन नट-बोल्टनेच आवळा, स्टँड टेबलाला क्लॅम्प करा, टाकीखाली स्पंज.

हे सगळं निर्दोष निघालं तरच इंजिनाकडे वळा. कार्बच्या बुडाला आणि मागच्या प्लेटच्या कडेने तेलाचे थेंब सोडा, कार्बचं तोंड बोटाने बंद करून प्रॉप हाताने फिरवा. बुडबुडे आले तिथे गळती. कार्बखालची ओ-रिंग चेपलेली असते, नाहीतर प्लेटचे चार स्क्रू ढिले.

एरंडेल

इंधनाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. १ लिटरला ८०० मिली मेथॅनॉल, २०० मिली एरंडेल, आकारमानाने. हेच ते एफएआयचं (हवाई खेळांच्या जागतिक संघटनेचं) ८०/२०, त्यात वाईट काही नाही. फक्त आयडल जरा हट्टी. ५ टक्के नायट्रोमिथेन मिळालं तर ७५०, २००, ५०. रनिंग-इनला सगळं एरंडेलच ठेवा. ते तापलं तरी थर धरून राहतं. पुढे तेलातलं निम्मं सिंथेटिक केलंत तर किटण कमी.

एरंडेल स्वच्छ, बिनवासाचं, औषधी दर्जाचं घ्या. केसांना लावायचं सुगंधी नको. मोटारसायकलचं टू-टी तर अजिबात नको. खनिज तेल मेथॅनॉलमध्ये विरघळतच नाही, बाटलीत वेगळा थर दिसतो, आणि टाकीत क्लंक नुसतं मेथॅनॉल ओढत बसतो. शंका असेल तर काचेच्या बाटलीत थोडं हलवून रात्रभर ठेवा. एरंडेल एकजीव राहतं.

मेथॅनॉल हवेतली ओल ओढतं. जून ते सप्टेंबर पुण्यात अर्धा रिकामा कॅन ठेवून दिलात तर पावसाळ्यानंतरचं इंधन हे इंधन राहत नाही. छोट्या, पूर्ण भरलेल्या, घट्ट बुचाच्या बाटल्यांत ठेवा. वापरून टाकीत उरलेलं परत कॅनमध्ये ओतू नका. आणि हे विष आहे. पोटात गेलं तर डोळे आणि जीव दोन्ही जातात, कातडीतूनही शिरतं. पाण्याच्या बाटलीत कधीच नाही. विकत घेताना परवान्याच्या दुकानातून, बिल घेऊन. उन्हात मेथॅनॉलची ज्योत दिसत नाही, म्हणून इंधन सांडल्यावर क्लिप लावायची नाही.

लोखंडी_पिस्टन

सुईचे आकडे पुस्तिकेतले किंवा मुंबईच्या मित्राचे जसेच्या तसे घेऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, हवा इथे सुमारे ५ टक्के विरळ. तीच सुई इथे थोडी रिच पडते, एक-दोन क्लिक (सुई फिरवताना लागणारे खटके) आत. एप्रिलच्या दुपारी ३८-३९ अंशांत आणखी. उलट डिसेंबरच्या सकाळी १० अंशांत हवा दाट असते. दुपारी लावलेली सुई सकाळी लीन निघते, आणि लीन म्हणजे इंजिन भाजणं. तेव्हा थंडीत दोन क्लिक बाहेर काढूनच सुरुवात.

तपकीर_गल्ली

टॅकोमीटर (मिनिटाचे फेरे मोजणारा) घेणार असाल तर तो आधी तपासून घ्या. ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे मिनिटाला ६,०००. दोन पात्यांच्या सेटिंगवर टॅको तिच्याकडे धरला की ३,००० दाखवायला हवा. एलईडीवर हे जमेलच असं नाही. उड्डाणाची सुई लावताना कमाल फेऱ्यांपेक्षा ३००-४०० खाली आणून सोडा, कारण हवेत प्रॉपवरचं ओझं कमी होऊन फेरे वाढतात आणि मिश्रण आणखी लीन होतं. मग विमानाचं नाक आकाशाकडे धरून फुल थ्रॉटल. आवाज ढासळला नाही तर झालं. विमान दुसऱ्या माणसाला धरायला सांगा आणि कुणीही प्रॉपच्या रेषेत उभं राहू नका. पातं तुटलं तर ते त्या रेषेतच जातं.

वारजे_रनवे

सापडलं. मफलरचा निपल आतून पूर्ण भरला होता, पण किटणाने नव्हे, पत्र्याच्या बारीक बुरीने. ड्रिल करताना राहिलेली असावी. १ मिमीच्या ड्रिल बिटने हाताने साफ केली, मफलर काढून आतून धुतला. टाकी २ सेंमी वर घेतली. १० बाय ६ प्रॉप, नवा सेल, हेअर ड्रायर. आता फुल थ्रॉटलला सलग चालतंय, उंबरठा ऐकू येतोय. चार धावा झाल्या.

आयडलला (सगळ्यात मंद फेऱ्यांना) मात्र थ्रॉटल खाली आणला की १०-१२ सेकंदांत विझतं. कार्बच्या बाजूला एक बारीक स्क्रू आहे, तो फिरवू का?

नीडल_व्हॉल्व्ह

मेन सुई पक्की होईपर्यंत नाही. रनिंग-इन चालू असताना आयडल लावणं म्हणजे दोनदा काम.

नंतर लावाल तेव्हा आधी ओळखा की तो स्क्रू कसला. कार्बच्या पुढच्या अंगाला छोटं भोक दिसत असेल आणि स्क्रू ते झाकत-उघडत असेल तर तो एअर ब्लीड. आत घेतला की हवा कमी, मिश्रण रिच. मेन सुईच्या विरुद्ध बाजूला, थ्रॉटलच्या दांड्याच्या मधोमध असेल तर ती लो-स्पीड सुई. ती आत घेतली की इंधन कमी, मिश्रण लीन. दोघांचा परिणाम बरोबर उलटा, आणि निम्मे घोळ इथेच होतात.

आयडलला नळी दाबून बघा. लगेच बंद पडलं तर लीन. फेरे बरेच वाढून, चार-पाच सेकंद चालून मग बंद पडलं तर रिच. किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत बंद, हे बरोबर. एका वेळी एक अष्टमांश फेरा, मग फुल थ्रॉटलला १० सेकंद साफ करून परत आयडल.

सिंहगडरोड_सीएल

चार धावांनंतर इंजिन नुसतं झाकून ठेवलं असेल तर आजच एक गोष्ट करा. मेथॅनॉलचं जळण आणि उरलेली ओल बेअरिंग गंजवतात, मागचं बेअरिंग आधी. पुण्याच्या पावसाळ्यात एक महिना पुरतो. दिवसाची शेवटची धाव संपवताना नळी उपसून इंजिन कोरडं होऊन मरू द्या. क्लिप लावून पुन्हा एक-दोनदा पेटवा, उरलेलं जळू द्या. मग कार्बमध्ये आणि प्लगच्या भोकात ५-६ थेंब ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल किंवा एअर टूलचं तेल, नाना पेठेत कुठल्याही स्पेअर पार्टवाल्याकडे मिळेल. प्रॉप १०-१५ वेळा फिरवा आणि पिस्टन खालच्या टोकाला ठेवून थांबवा. टॉपला ठेवून निवू दिलंत तर त्या निमुळत्या जागेत अडकून बसतो.

अडकलाच तर प्रॉपला पक्कड लावू नका. हेअर ड्रायरने गरम करा, एरंडेल पातळ होतं आणि सुटतो.

वारजे_रनवे

तेल आजच घालतो. हेअर ड्रायर घरच्यांनी परत मागितलाय, त्यामुळे हीट गन घेतोय.

नीडल_व्हॉल्व्ह

हीट गन कमी सेटिंगवर, दीड वितीवरून, आणि कार्बपासून लांब. प्लास्टिकचा कार्ब असेल तर तो ओल्या फडक्याने झाका, फडकं काढून मगच इंधन भरा. गन विझवून बाजूला ठेवल्याशिवाय टाकीचं बूच उघडू नका. ११ बाय ६ परत लावाल तेव्हा ओझं वाढेल, सुई दोन क्लिक बाहेर काढून सुरू करा.